अकरावा घाणा

साकीनाक्याला, पत्र्याच्या जिन्याने वर,
रबरी पट्टे कापणाऱ्या गाळ्याच्या डोक्यावर
आमची भट्टी आहे. फ्रिजएवढी.
आत अकराशे अंश. बाहेरून हात ठेवाल
तर नुकत्याच रिकाम्या झालेल्या कपाइतकी ऊन.

घोन्साल्विस म्हणतात बॅच, मी म्हणते घाणा.
अळूचं पान पिठात बुडवावं
तसं आम्ही कापड राळेत बुडवतो.
कापड काळं, सिलिकॉन कार्बाइडच्या धाग्यांचं,
पंखा बंद करून कापायचं, नाहीतर धागे
मानेत शिरतात आणि रात्रभर टोचतात.

मग भाजायचं. आर्गॉनमध्ये, हवा लागू न देता.
राळेची राख होत नाही, दगड होतो,
पण होताना आक्रसतो, भोकं पडतात.
म्हणून पुन्हा बुडवायचं, पुन्हा भाजायचं.
सात वेळा.
आठव्यांदा आत काही शिरत नाही.
भोकं संपली म्हणून नव्हे,
आत जायची वाट संपली म्हणून.

हे सगळं नंतर. त्याआधी
प्रत्येक धाग्याला एक लेप बसतो,
बोरॉन नायट्राइडचा,
एका केसाचे शंभर पदर सोलावेत, त्यातल्या एकाएवढा.
मी नवी होते तेव्हा विचारलं होतं,
हा लेप धाग्याला दगडाशी धरून ठेवतो ना?
घोन्साल्विस डबा उघडत होते.
"नाय गो," म्हणाले, "सोडायला लागतो."

आमचा तुकडा मोडताना पाहण्यासारखा असतो.
दोन टेकूंवर आडवा ठेवायचा, वरून दाब.
आधी कुरकुरतो.
भेग निघते, धाग्यापाशी येते, अडते,
लेपातून वळून कडेकडेने जाते,
पुढच्या धाग्याशी पुन्हा तेच.
कागदावरची रेघ उतरते ती
गुडघेदुखीचा माणूस जिना उतरतो तशी,
कठडा धरत, थांबत.
मोडल्यावर टोकाला धागे बाहेर आलेले,
झिजलेल्या खराट्यासारखे.
ते दिसले की घोन्साल्विस शीळ घालतात.

अकराव्या घाण्याला
मी लेपाच्या गॅसची चावी उघडली नाही.
घरी कुणी आजारी नव्हतं. झोपही झाली होती.
विसरले.

आणि काय सुरेख निघाला तो!
घनता आजवरची सगळ्यात जास्त,
कडा सरळ, टिचकी मारली
तर देवळातल्या छोट्या घंटेसारखा.
खालचा रबरवाला मुद्दाम वर येऊन बघून गेला.

दाब दिला. रेघ सरळ वर,
नेहमीच्या उंचीपर्यंतही गेली नाही, आणि टक्.
कुरकुर नाही, शेवटचं बोलणं नाही.
पुढे कागद नुसता कोराच सरकत राहिला
मी बटण दाबेपर्यंत.
मोडलेली बाजू इतकी सपाट
की तिच्यात ट्यूबलाइट दिसली.

घोन्साल्विसनी तुकडा बोटावर फिरवला.
"फार घट्ट धरलंय," एवढंच,
आणि चहा सांगायला खाली गेले.
त्यांचा मुलगा दोन वर्षं फोन उचलत नाही,
हे मला माहीत आहे. त्या दिवशी
ते त्याच्याबद्दल बोलले नाहीत. मीही काढलं नाही.
रजिस्टरात लिहिलं: चावी बंद. तारीख. माझी सही.
बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाला महिनाभर थांबायला लावलं.

भंगारात जाणारी एक वीतभर पट्टी
मी मरोळला घरी आणली.
आई कोयता इतकी वर्षं
उपड्या कपाच्या बुडावर घासायची.
आता ह्याच्यावर घासते. पाण्याचे दोन थेंब,
दहा-बारा हात, आणि पहाटे बाजारात
सुरमईचं काप पडतं, साल न ओढता.

"चांगला आहे की. कुणी टाकून दिला?"
मी, म्हटलं.
तिने माझ्याकडे बघितलं, मग धारेकडे.
फक्त खाली पाडू नकोस, मी सांगितलं,
हा चरा जाऊन थांबणारा नाही.

"पडेल तेव्हा बघू," म्हणाली,
आणि कोयता उलटा केला, दुसऱ्या बाजूसाठी.